ओटू सेन्सर बदलला, तरी दिवा पुन्हा लागला: एका जुन्या गाडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी 2009 सालची. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, भारत स्टेज-3 (त्या काळचा प्रदूषणाचा निकष), सीएनजी किट नाही. मालक मुलुंड पूर्वेला राहणारे निवृत्त गृहस्थ. कंपनी, मॉडेल, नंबर आणि गॅरेज यांचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. मालकांना इथे 'काका' म्हणतो, कारण गॅरेजमध्ये सगळे त्यांना तेच म्हणत. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. या प्रकरणात मी आलो ते बरंच उशिरा, दोन-तीन भाग बदलून झाल्यावर.

काळ 2024 चा उन्हाळा. काकांची घाई गाडी बिघडली एवढ्याचीच नव्हती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती त्याच वर्षी संपत होती. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत फॉर्म 25 भरून वडाळा आरटीओकडे अर्ज करायचा, गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, मग पुढची पाच वर्षं मिळतात. एप्रिल 2022 पासून चारचाकीच्या या नूतनीकरणाची फीच 5000 रुपये झाली आहे. या सगळ्याला चालू पीयूसी लागतं, आणि गाडी पीयूसीत नापास झाली होती.

दिल्लीत तेव्हा पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीला रस्ताच बंद होता. मुंबईत तसं नव्हतं, म्हणून तर हा खटाटोप करण्यात अर्थ होता. गाडीची बॉडी चांगली, इंजिन तेल खात नव्हतं, एसी थंड. अशी गाडी भंगारात द्यायला कुणाचंही मन होत नाही.

तक्रार

काकांनी सांगितलेली लक्षणं त्यांच्याच क्रमानं देतो, कारण क्रमालाही अर्थ होता.

आधी अ‍ॅव्हरेज पडलं. शहरात 13 च्या आसपास देणारी गाडी 9 वर आली. मुंबईत तेव्हा पेट्रोल लिटरला 104 रुपयांच्या घरात होतं, त्यामुळे हे लक्षात यायला वेळ लागला नाही. मग सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी जमू लागली आणि पार्किंगमध्ये गाडी उभी केली की पेट्रोलचा वास येऊ लागला. इंजिन गरम झाल्यावरसुद्धा आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे मिनिटाला फेरे) 1100 च्या खाली उतरेना. शेवटी आलं ते सगळ्यात त्रासदायक: गरम गाडी बंद केली की लगेच सुरू होत नसे. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबली की रुसायची. मुलुंड टोल नाक्याच्या रांगेत एकदा बंद पडली तेव्हा मागच्या हॉर्नांनी काकांचा जीव नकोसा झाला. (हलक्या वाहनांचा तो टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला. हा प्रसंग त्याआधीचा.)

याच प्रसंगात काकांना एक युक्ती सापडली. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि सेल्फ मारला की गाडी धूर सोडत सुरू व्हायची. त्यांनी हे पहिल्या गॅरेजमध्येही सांगितलं होतं. तिथे ते कुणी मनावर घेतलं नाही.

खरं तर पूर्ण निदानाची निम्मी वाट या एका वाक्यात होती. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला तर इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बंद ठेवतो, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर जावं. गाडी या युक्तीनं सुरू होते याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडत नव्हतं, उलट जास्त होत होतं. फ्युएल पंप कमजोर असता तर पेडल दाबून काही फरक पडला नसता.

पहिल्या गॅरेजमध्ये काय झालं

तिथल्या मिस्त्रीनं जे केलं ते बहुतेक गॅरेजमध्ये होतं तसंच आहे, आणि सुरुवात चुकीचीही नव्हती. प्लग काढले, ते काळेकुट्ट होते, बदलले. एअर फिल्टर बदलला. थ्रॉटल बॉडी साफ केली. दोन दिवस बरं वाटलं, कारण नवे प्लग पुन्हा काळे व्हायला तेवढा वेळ लागतोच.

चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा स्कॅनर लावला. कोड आला पी 0132, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरचं, सगळे ज्याला ओटू सेन्सर म्हणतात त्याचं, व्होल्टेज जास्त. मिस्त्रीनं ओटू सेन्सर बदलला. तो या गाडीतल्या महागड्या सेन्सरांपैकी एक. कोड पुसला, दिवा गेला. आठवड्याच्या आत दिवा परत आला, कोड तोच. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 2 टक्क्यांच्या वर. भारत स्टेज-3 पेट्रोल चारचाकीची मर्यादा आहे 0.5 टक्के.

यानंतरचा निर्णय होता, 'काका, एकतर कॅट गेलाय, नाहीतर इसीयू.' कॅट म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

मिस्त्रीनं कूलंटचा तापमान सेन्सर पाहिलाच नव्हता असं नाही. दोन गोष्टींवरून त्यानं तो बाद केला. एक, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर, अगदी नेहमीच्या जागी होता. दोन, सकाळी गाडी थंड असताना त्यानं सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढून मल्टिमीटरनं ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मोजले होते. आले साधारण 2400. त्याच्याकडच्या तक्त्यात होतं: 20 अंशांना 2200 ते 2800. बसतंय की! सेन्सर ओके.

ही दोन्ही कारणं ऐकायला पटणारी आहेत आणि दोन्ही फसवी आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

काकांपुढचे पर्याय

माझ्याकडे फोन आला तेव्हा काकांच्या हातात चार सल्ले होते.

पहिला: वापरलेला इसीयू आणून बसवायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा जुन्या मालाच्या बाजारात तो मिळतो. पण इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा इसीयू किल्लीशी जुळवून घ्यावा लागतो, आणि तो जुना इसीयू कोणत्या पाण्यात भिजून आलाय हे कुणी सांगत नाही. 26 जुलै 2005 नंतर मुंबईत बुडालेल्या गाड्यांचे भाग किती वर्षं बाजारात फिरत होते, हे या धंद्यातल्या जुन्या माणसांना विचारा.

दुसरा: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा. गाडीच्या तेव्हाच्या किमतीपुढे हा खर्च हास्यास्पद होता. शिवाय कॅट हा बळी असतो, कारण क्वचित. इंजिन रिच चाललं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जाऊ लागलं, की कॅट खराब होतो. कॅट खराब झाल्यामुळे इंजिन रिच चालत नाही, अ‍ॅव्हरेज 9 वर सहसा येत नाही.

तिसरा: पीयूसी 'करून' घ्यायचं. सांगणारे भेटतातच. काकांनी नको म्हटलं. निकाल आता थेट वाहन पोर्टलवर चढतो, हा एक भाग. दुसरा भाग असा की कागद मिळाला तरी अ‍ॅव्हरेज 9 चंच राहणार होतं.

चौथा: गाडी काढून टाकायची.

पाचवा पर्याय मी दिला: एक सकाळ गाडी माझ्या ताब्यात, कुठलाही भाग न बदलता फक्त मोजमाप, आणि त्याचे वेगळे पैसे. काका थोडे अडखळले. भागाचे पाच हजार द्यायला आपल्याकडे कुणाला जड जात नाही, पण 'नुसतं बघायचे' हजार रुपये द्यायचे म्हटलं की भुवया वर जातात. तरी ते तयार झाले. ओटू सेन्सरचे पैसे नुकतेच पाण्यात गेले होते, त्याचा उपयोग झाला असावा.

मोजमाप

आदल्या रात्रीच काकांना सांगून ठेवलं होतं: गाडी अजिबात सुरू करायची नाही. रात्रभर थंड झालेली गाडी हे एक मोफत मोजमापाचं साधन आहे. अशा गाडीत कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा यांचं तापमान जवळपास सारखं असायला हवं.

फोनला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र काकांच्या भाच्यानं आणून ठेवलं होतं, पण ते या गाडीशी बोलेना. त्यात नवल नाही. भारतात ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्सची सक्ती 2010 पासून टप्प्याटप्प्यानं आली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत सॉकेट दिसायला तेच असतं, भाषा कंपनीची स्वतःची. माझा स्कॅनर जोडला, इग्निशन ऑन केलं, इंजिन बंदच.

आत येणारी हवा: 30 अंश. कूलंट: 20 अंश.

मुलुंडमध्ये मे महिन्यात पहाटेसुद्धा 20 अंश नसतात. एकाच बॉनेटखाली रात्रभर राहिलेल्या दोन सेन्सरांत दहा अंशांचा फरक पडायला नको. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उभं राहून कोण, हे कळत होतं.

आता मिस्त्रीच्या 2400 ओहमकडे परत येऊ. तक्त्यातला आकडा 20 अंशांचा होता. मोजताना सकाळचं तापमान होतं 30 च्या आसपास. या जातीच्या सेन्सरचं तापमान वाढलं की रोध कमी होतो: 20 अंशांना साधारण 2500 ओहम, 30 ला 1700, 40 ला 1175, 60 ला 600, 80 ला 320, 90 ला 240. म्हणजे त्या सकाळी 1700 यायला हवे होते. 2400 हा आकडा थंड देशातल्या वर्कशॉपसाठी बरोबर होता, आपल्यासाठी नव्हे. तक्ता खरा, मीटर खरं, फक्त हवेचं तापमान बघायचं राहिलं.

मग इंजिन सुरू केलं आणि लाइव्ह डेटा बघत बसलो. कूलंट 20 वरून चढत चढत 40 च्या पुढे गेला आणि 42-43 ला अडकला. फ्युएल सिस्टिमची स्थिती: ओपन लूप, म्हणजे इसीयू ओटूचं ऐकत नव्हता. ओटू सेन्सरचं व्होल्टेज 0.85 च्या आसपास, हलायला तयार नाही. आणि अशा अवस्थेत रेडिएटरचा पंखा सुरू झाला.

या गाडीत रेडिएटरच्या पंख्याला स्वतःचा वेगळा थर्मोस्विच (तापमानावर चालणारा स्विच) आहे, त्याचा इसीयूशी संबंध नाही. तो नव्वदच्या वर गेल्याशिवाय लागत नाही. म्हणजे पंखा म्हणत होता नव्वद, इसीयूला कळत होतं त्रेचाळीस.

तरी एक शक्यता तपासायलाच हवी होती. आपल्याकडे 'मुंबईत कुठे थंडी असते' म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल तर इंजिन खरोखरच नीट तापत नाही, आणि मग सेन्सर खरं बोलत असूनही आकडा कमी दिसतो. पंख्यामुळे ही शक्यता जवळजवळ संपली होती, पण स्विच बिघडलेला असू शकतो. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर काढला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो हमखास कमी दाखवतो. म्हणून थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारला: 86. आतलं पाणी त्याहून दोन-तीन अंश जास्तच धरायचं. इंजिन व्यवस्थित तापलं होतं, थर्मोस्टॅट जागेवर होता.

(काकांनी उत्साहानं घरातली कोविडच्या काळातली कपाळावर धरायची गन आणली. ती अंगाच्या तापासाठी असते, चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की नुसतं 'हाय' दाखवते. इथे उपयोग नाही.)

काटा मध्यावर का होता? हाउसिंगवर दोन सेन्सर शेजारी शेजारी असतात. एका वायरचा एक, तो डॅशबोर्डच्या काट्याला. दोन वायरींचा दुसरा, तो इसीयूला. काट्याचा सेन्सर ठणठणीत होता, त्यामुळे काटा बरोबर दाखवत होता. त्यावरून इसीयूच्या सेन्सरबद्दल काहीच कळत नाही. सगळ्याच गाड्यांत अशी दोन सेन्सरांची रचना नसते, पण जुन्या गाडीत ती आहे का हे आधी बघावं.

ओटू सेन्सरचा कोड का आला

इंजिन थंड असताना इसीयू जास्त पेट्रोल देतो, जसं पूर्वी चोक ओढायचे तसं. त्या काळात तो ओटू सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या आकड्यांवर चालतो. हेच ओपन लूप. या गाडीत इसीयूच्या लेखी इंजिन कधी पूर्ण तापतच नव्हतं. आयडलिंग वर, पेट्रोल जास्त, ओटूचं म्हणणं बाजूला. ओटू सेन्सर बिचारा इमानानं सांगत होता की पेट्रोल जास्त आहे, व्होल्टेज वरच राहत होतं. बराच वेळ व्होल्टेज खाली येत नाही हे पाहून इसीयूनं त्याच्याच नावानं कोड टाकला.

सोसायटीत गळतीची तक्रार तिसऱ्या मजल्यावरचा करतो, फुटलेला पाइप असतो चौथ्यावर. तिसऱ्याचं छत कितीही वेळा रंगवलं तरी ओल राहणारच.

तापमान सेन्सरच्या नावानं कोड का नाही? कारण जुन्या इसीयूला त्यातले दोनच टोकाचे दोष ओळखता येतात: सर्किट तुटलं किंवा शॉर्ट झालं. 43 अंश ही अशक्य किंमत नाही. तो आकडा पचनी पडतो.

रेझिस्टरची चाचणी

इथे दोन रस्ते होते. सेन्सर स्वस्त आहे, आणून टाकून बघू, हा एक. ओटूच्या वेळी नेमका हाच विचार झाला होता. दुसरा रस्ता थोडा वेळखाऊ, पण मला तो बरा वाटला: भाग विकत घेण्याआधी तो बदलल्यावर काय होईल ते गाडीला करून दाखवायला लावायचं.

आधी वायरिंग आणि इसीयू तपासले. सेन्सरचा कपलर काढला, स्कॅनरवर उणे 40 आलं. कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या, आकडा वरच्या टोकाला, 140 च्या आसपास गेला. इसीयू पाच व्होल्ट देतो आणि परत किती आलं ते मोजतो. दोन्ही टोकं नीट दिसली म्हणजे इसीयू जिवंत आहे आणि वायर तुटलेली नाही. 'इसीयू गेलाय' हा निष्कर्ष एवढ्यात निकालात निघाला.

मग लॅमिंग्टन रोडवर रुपया-दोन रुपयांना मिळणारा 330 ओहमचा रेझिस्टर कपलरमध्ये लावला. तक्त्याप्रमाणे इसीयूला साधारण 80 अंश दिसायला हवेत. दिसले 70. इथेच कपलरकडे नीट पाहिलं. एका पिनेवर हिरवट थर होता, खाडीकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत दिसतो तसा. त्या थरामुळे शंभरेक ओहम वाढत होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पीन घासून, तोंड किंचित आवळून पुन्हा लावला: 79.

इंजिन सुरू केलं. मिनिटाभरात ओपनचं क्लोज्ड लूप झालं, म्हणजे इसीयू ओटूचं ऐकू लागला. अर्धा तास 0.85 ला चिकटून बसलेला ओटू 0.1 ते 0.9 मध्ये वरखाली नाचू लागला. आयडलिंग 800 वर उतरलं. काका शेजारीच उभे होते. म्हणाले, 'आवाज बदलला हो.' एकही नवा भाग न लावता.

हा रेझिस्टर असाच ठेवून गाडी चालवणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नये. मग इसीयूला गाडी कायम तापलेलीच वाटते, थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळत नाही, आणि खरंच इंजिन हीट झालं तरी इसीयूला कळत नाही. ही चाचणी आहे, दुरुस्ती नव्हे.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर सेन्सर काढला आणि गरम पाण्यात धरून मोजला. 30 अंशांना 2400, तक्त्यापेक्षा 700 जास्त. 80 अंशांना 1000 च्या वर, तिथेही 700 जास्त. आतला कुठला तरी जोड सुटत आला असावा, म्हणजे मूळ रोधाला सातशे ओहमचं शेपूट लागल्यासारखं. गंमत अशी की थंडीत या सातशेनं आकडा जेमतेम नऊ-दहा अंशांनी चुकतो, तर तापलेल्या इंजिनात चाळीसहून जास्त अंशांनी. कारण 1700 मध्ये 700 मिळवले तर दीडपट होतं, 250 मध्ये मिळवले तर जवळपास चौपट. म्हणून सकाळी गाडी शहाणी आणि दुपारी वेडी. दोष गरम असताना दिसतो, तर मोजायलाही गरम असतानाच हवं.

सेन्सर आणणं आणि बसवणं

दुकानात तीन दर सांगितले: ओरिजिनल, 'ओईएम' आणि लोकल. लोकल आणि ओरिजिनल दिसायला सारखे, आटे तेच, कपलरही बसतो. मी काउंटरवरच मीटर लावलं. लोकलनं दुकानातल्या तापमानाला तीन हजारांच्या वर दाखवलं. तो खराब होता असं मी म्हणणार नाही, दुसऱ्या गाडीच्या आकड्यांचा असू शकतो. या गाडीला तो चालला नसता एवढं नक्की, आणि लावला असता तर काकांची तीच लक्षणं नव्या सेन्सरसकट परत आली असती. ओरिजिनलनं अपेक्षेइतके दाखवले. हजाराच्या आत मिळाला. दुकानदार थोडा वैतागला, पण घरी जाऊन पाण्यात पुन्हा मोजल्यावर मला शांत झोप लागली.

बसवण्यात नाट्य नाही. इंजिन थंड असल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, पण भाजलेले हात दरवर्षी दिसतात. जुना सेन्सर काढताना थोडं पाणी जातं. इथे ते कूलंट नव्हतंच, तांबूस नळाचं पाणी होतं, म्हणून सगळं काढून डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट भरलं. नवा वॉशर, आणि पाना हलक्या हातानं, कारण हाउसिंगचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. मग हवा काढली. सेन्सरच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा राहिला तर नवा सेन्सरही वेडेवाकडे आकडे दाखवतो आणि माणूस पुन्हा शंका घेऊ लागतो. शेवटी स्कॅनरनं कोड आणि इसीयूची जुनी शिकवण पुसली.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. बरेच दिवस रिच चाललेल्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. ऑइल आणि फिल्टर बदलले. काकांना हा खर्च वाढीव वाटला. माझ्या मते तो टाळण्यासारखा नव्हता.

निकाल

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं घाटकोपरपर्यंत जाऊन आलो. थोडा वेळ एकसारख्या वेगानं गाडी पळाली की ओटू आणि कॅटवरची काजळी जळायला मदत होते. त्याच दुपारी, इंजिन गरम असतानाच, पीयूसी केलं: कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्के. हायड्रोकार्बनही मर्यादेच्या बरेच खाली. म्हणजे कॅट वाचला होता. भारत स्टेज-3 गाडीला पीयूसी सहाच महिन्यांचं मिळतं, पण वडाळ्याच्या कामाला तेवढं पुरे झालं. नोंदणी पाच वर्षांनी वाढली. अ‍ॅव्हरेज 12 च्या पुढे आलं. आधीच्या 13 ला अजून पोचलेलं नाही. टायर जुने आहेत, कदाचित ते कारण असेल, कदाचित कॅटनं थोडा मार खाल्ला असेल. ते मी तपासलेलं नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये बसवलेला नवा ओटू सेन्सर गाडीतच आहे. जुना भंगारात गेला होता, त्यामुळे तो चांगला होता हे आता सिद्ध करता येत नाही. नवा बसवूनही गाडी तशीच वागत होती, एवढंच हातात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

काकांनी पेडल तळाला दाबून गाडी सुरू होते हे सांगितलं, त्याच क्षणी शोध पेट्रोल जास्त का होतंय या दिशेनं वळायला हवा होता. ग्राहक लक्षणं सांगत असतो तेव्हा स्कॅनर जोडायची घाई होते. मीसुद्धा हे वाक्य ऐकलं ते फोनवर दुसऱ्यांदा बोलताना, काकांनी पुन्हा सांगितलं म्हणून.

ओटू सेन्सर बदलण्याआधी लाइव्ह डेटाची दोनच पानं बघितली असती तर ओपन लूप आणि 43 अंश हे दोन्ही समोर होतं. मिस्त्रीच्या स्कॅनरमध्येही ती पानं होती. तो कोड वाचायला शिकला होता, पानं उघडायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही नंतर बोललो. त्यानं तक्त्याच्या शेजारी पेननं 30 अंशांचा आकडा लिहून घेतला.

माझ्या बाजूनं पाहिलं तर कपलर आधी उघडून नीट बघायला हवा होता की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. मी रेझिस्टर लावल्यावर तो सापडला. आधी साफ केला असता तर एक पायरी वाचली असती, पण मग शंभर ओहम कपलरचे आणि सातशे सेन्सरचे हा हिशेब वेगळा करता आला नसता. फक्त सेन्सर बदलून कपलर तसाच ठेवला असता तर पुढच्या पावसाळ्यात तो आणखी गंजला असता, आणि शिव्या नव्या सेन्सरला मिळाल्या असत्या.

एका बाबतीत हे प्रकरण नशीबवान होतं. या गाडीचा पंखा वेगळ्या स्विचवर होता, म्हणून काका महिनोन्महिने असं चालवू शकले. पुष्कळ गाड्यांत पंखा इसीयूच लावतो आणि त्यासाठी याच सेन्सरवर विसंबतो. अशा गाडीत सेन्सर 43 सांगत राहिला तर पंखा लागणारच नाही, आणि एसी बंद करून एलबीएस मार्गाच्या ट्रॅफिकमध्ये एक दुपार काढली तरी हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) जाऊ शकतं. तिथे रात्रभर गाडी थंड करा, सकाळी निवांत मोजू असं म्हणायचं नाही. लक्षण दिसताच आधी पंखा लागतोय का ते बघायचं, नसेल लागत तर गाडी टो करून आणायची.